एका संख्येची उलटतपासणी

फळ्यावर पुढील संख्या लिहा आणि वर्गातील मुलांना ती आधी डावीकडून उजवीकडे व मग उजवीकडून डावीकडे वाचायला सांगा:

१२३४५६७८९८७६५४३२१

दोन्ही बाजूंनी ती सारखीच वाचली जाते. अंक एकपासून नऊपर्यंत पायरीपायरीने चढतात आणि तसेच उतरतात. एकूण अंक सतरा. त्यांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग. मधला ९ बाजूला ठेवला तर डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ८७६५४३२१ उरतात. त्यांची बेरीज ९९९९९९९९. शिवाय ही संख्या स्वतः पूर्ण वर्ग आहे. नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या १११११११११ या संख्येला तिनेच गुणले की ती मिळते.

एकाच संख्येत इतके गुण पाहिले की मुले ‘जादू!’ म्हणून मोकळी होतात. पुस्तकांतही अशा संख्या बहुधा ‘अंकांच्या गमती’ या सदरात देऊन तेथेच सोडलेल्या असतात. शिक्षकाला मात्र तेथे थांबता येत नाही. गंमत दाखवून झाल्यावर दोन प्रश्न उरतात. असे का होते? आणि हा गुण त्या संख्येचा आहे, की संख्या लिहिण्याच्या आपल्या पद्धतीचा? पहिला प्रश्न वर्गात कधीतरी विचारला जातो, दुसरा सहसा नाही. या एकाच संख्येची उलटतपासणी करून दोन्हींची उत्तरे शोधू या.

आधी ती वाचू या

स्वल्पविराम देऊन ही संख्या १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहिता येईल, पण कोटीच्या पुढे वाचताना आपण अडखळतो. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अन्त्य, मध्य आणि परार्ध. या नावांनी आपली संख्या अशी वाचावी लागेल: एक मध्य, दोन अन्त्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक.

म्हणजे ती परार्धाच्या एकच घर अलीकडे आहे. मुलांना हे वाचन एकदा करायला लावावे. प्रत्येक अंकाला स्वतःचे घर असते आणि घर बदलले की किंमत बदलते, ही स्थानिक किमतीची कल्पना सतरा घरांतून चालत गेल्यावर चांगलीच ठसते. पुढच्या सगळ्या तपासणीत हीच कल्पना आपल्या उपयोगी पडणार आहे.

चढण कुठून आली?

लहान संख्यांपासून सुरुवात करू.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

चौथ्या ओळीपर्यंत पोचताच मुले पाचवी ओळ न गुणता सांगू लागतात. त्यांना सांगू द्यावे, पण लगेच विचारावे, “कशावरून?” ‘आतापर्यंत तसे झाले म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. खरे उत्तर आपल्या नेहमीच्या गुणाकाराच्या मांडणीतच आहे. १११ × १११ हा गुणाकार पूर्ण मांडून पाहा. रिकाम्या घरांत टिंबे दिली आहेत.

. . १ १ १
. १ १ १ .
१ १ १ . .
---------
१ २ ३ २ १

गुणक १११ मधील प्रत्येक १ मुळे १११ ची एक ओळ मिळते आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकते. मग आपण उभ्या रकान्यांतील अंकांची बेरीज करतो. सगळे अंक १ असल्यामुळे ही बेरीज म्हणजे नुसती मोजणी आहे: त्या रकान्यात किती १ आले? उजव्या टोकाच्या रकान्यात एक, पुढच्यात दोन, मधल्यात तिन्ही ओळींचे तीन; त्यानंतर वरच्या ओळी एकेक करून संपत जातात आणि मोजणी उतरू लागते.

नऊ वेळा १ असलेल्या संख्येची मांडणी केली तर नऊ ओळी मिळतील. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळींचे १ येतील आणि दोन्ही बाजूंना मोजणी एकेकाने कमी होत जाईल. म्हणून १ पासून ९ पर्यंत चढण आणि ९ पासून १ पर्यंत उतरण. मोजणी कुठेही नऊच्या वर जात नसल्यामुळे हातचा धरावा लागत नाही. रकान्यातील मोजणी हाच उत्तरातील अंक ठरतो.

अंकांची बेरीज ८१ का, हेही यातूनच कळते. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ वेळा १, म्हणजे मांडणीत एकूण ८१ वेळा १ आला आहे. उत्तरातले अंक हे या ८१ एकांचेच रकान्यांप्रमाणे केलेले वाटे आहेत. वाटे एकत्र केले की बेरीज ८१ होणारच.

दोन बाजूंची बेरीज ९९९९९९९९ का, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. १२३४५६७८ च्या खाली ८७६५४३२१ लिहिले की प्रत्येक रकान्यात एक अंक चढतो तेवढाच दुसरा उतरतो, त्यामुळे बेरीज सगळीकडे नऊच राहते.

दहाव्या पायरीवर काय होते?

आता वर्गाला अंदाज करायला सांगा: दहा वेळा १ लिहून तयार झालेल्या संख्येचा वर्ग किती? नऊ ओळी बरोबर आल्या होत्या, म्हणून दहावीही तशीच येईल असे अनेकांना वाटेल. मधल्या रकान्यात दहा वेळा १ आले, पण ‘१०’ हा एक अंक नाही. तो एका घरात मावत नाही. तेथे ० लिहून हातचा १ डावीकडच्या रकान्यात द्यावा लागतो. त्या रकान्यात आधीच ९ आहेत. ९ आणि १ मिळून पुन्हा १०. तेथेही ० आणि हातचा १. त्याच्या डावीकडे ८ आहेत. ते ९ होतात आणि हातचा संपतो. उत्तर असे येते:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१
११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१
१११११११११११ × १११११११११११ = १२३४५६७९०१२०९८७६५४३२१

तिसऱ्या ओळीत अकरा वेळा १ घेतला आहे. उजवीकडची उतरण शाबूत राहिली आहे, कारण हातचा नेहमी डावीकडेच जातो. डावीकडची चढण मात्र सातनंतर बिघडली. आठ नाहीसा झाला आणि त्याच्या जागी नऊ आला.

अंकांच्या बेरजेचे काय झाले तेही पाहू. दहा एकांच्या वर्गाच्या मांडणीत १०० वेळा १ आला, म्हणजे बेरीज १०० हवी होती. प्रत्यक्षात ती ८२ भरते. १८ गेले कुठे? प्रत्येक हातच्याच्या वेळी आपण एका घरातील दहा काढून घेतो आणि पुढच्या घरात एकच ठेवतो. अंकांची बेरीज दर वेळी ९ ने घटते. हातचे दोन, म्हणून घट १८. अकरा एकांच्या वर्गात हातचे चार येतात. १२१ मधून ३६ वजा केले की ८५ उरतात आणि वर दिलेल्या उत्तराच्या अंकांची बेरीज खरोखरच ८५ आहे.

नऊची कसोटी शाळेत पाठ करून घेतली जाते. तिचे मूळ येथे उघड दिसते. बेरीज-गुणाकारात हातचे कितीही येवोत, अंकांची बेरीज फक्त नऊच्या पटीत बदलते. त्यामुळे नऊने भागल्यावर उरणारी बाकी तीच राहते.

नऊ उदाहरणे बरोबर येऊनही दहावे चुकू शकते, ही गोष्ट सांगून समजत नाही. ती घडताना दिसावी लागते. गणितात पुष्कळ उदाहरणे जमली म्हणून नियम सिद्ध होत नाही. नियमाचे कारण कळले तर तो कुठवर चालेल हेही कळते. येथे कारण कळल्यामुळे दहाव्या पायरीवर घसरगुंडी होणार, हे आपल्याला गुणाकार करण्यापूर्वीच सांगता आले.

हरवलेला आठ

‘अंकांच्या गमतीं’त आणखी एक संख्या नेहमी असते: १२३४५६७९. एकपासून नऊपर्यंतचे अंक क्रमाने, पण आठ गाळून. तिला ९ ने गुणले की १११११११११ येतात, १८ ने गुणले की २२२२२२२२२, २७ ने गुणले की ३३३३३३३३३. यातून आठच का गळला, असा प्रश्न मुले विचारतात.

दहा एकांच्या वर्गाची डावी बाजू पाहा: १२३४५६७९. तेथेही आठच गळला आहे. हा योगायोग नाही. १ ला ९ ने भागले की ०.१११११… हा आवर्ती दशांश अपूर्णांक मिळतो. आता १ ला ८१ ने भागा:

१ ÷ ८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…

८१ म्हणजे ९ × ९. म्हणून १/८१ म्हणजे ०.१११… गुणिले ०.१११…, अर्थात न संपणाऱ्या एकांच्या रांगेचा वर्ग. मांडणी पूर्वीचीच आहे. रकान्यांतील मोजणी १, २, ३, ४ अशी चढत जाते आणि उतरण कधीच येत नाही, कारण रांग संपत नाही. मोजणी ८, ९, १०, ११ अशी पुढे गेली की हातचे सुरू होतात. दहाच्या रकान्यातून आलेला हातचा नऊला दहा करतो, तेथून निघालेला हातचा आठला नऊ करतो. आठ हरवत नाही. हातचा मिळून त्याचा नऊ होतो. मूळचा नऊ दहा होऊन आपल्या घरी ० ठेवतो.

अकरा एकांच्या वर्गाचे पहिले अकरा अंक १२३४५६७९०१२ असे आहेत. १/८१ मधील दशांश चिन्हापुढचे पहिले शून्य सोडून अंक वाचत गेलो तर तेच मिळतात. एकांची रांग वाढवत नेली की वर्गाची डावी बाजू १/८१ च्या अंकांशी अधिकाधिक जुळत जाते. दोन वेगळ्या वाटणाऱ्या गमतींचे कारण एकच निघाले.

आपल्या मूळ संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने, नेमका भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. कारण साधे आहे: १११११११११ ला ९ ने भागले की १२३४५६७९ मिळतात, तेव्हा तिच्या वर्गाला ८१ ने भागल्यावर १२३४५६७९ चा वर्गच मिळणार.

संख्येच्या पोटात

आता संख्येचे अवयव पाडू. वर्गमूळ माहीत असल्यामुळे सतरा अंकी संख्येशी झुंजावे लागत नाही. नऊ एकांच्या संख्येचे अवयव पाडले की पुरे. तिचे तीन-तीन अंकांचे गट करा: १११, १११, १११. म्हणजे

१११११११११ = १११ × १००१००१

१११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून तिला ३ ने भाग जातो आणि ३३३६६७ मिळतात. तेव्हा

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

३३३६६७ चे आणखी अवयव पडतात का? तिचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये आहे, म्हणून ५७७ पर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. अशा मूळ संख्या १०६ आहेत. पण एवढे श्रम घेण्याची गरज नाही.

२ आणि ५ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या आणि १ ला तिने भागा. दशांश अंकांचा एक गट पुन्हा पुन्हा येत राहतो. त्या गटातील अंकांची संख्या ही त्या मूळ संख्येपेक्षा एकने लहान असलेल्या संख्येची विभाजक असते. उदाहरणार्थ १/७ चा गट १४२८५७ असा सहा अंकी आणि ७ वजा १ म्हणजे ६. १/३७ चा गट ०२७ असा तीन अंकी आणि ३६ ला ३ ने भाग जातो. फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४० मध्ये कळवलेल्या प्रमेयातून हे निघते.

समजा, एखाद्या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. मग तिने १११११११११ ला आणि म्हणून ९९९९९९९९९ लाही भाग जाईल. अशा संख्येचा आवर्ती गट नऊ, तीन किंवा एका अंकाचा असावा लागतो. एका अंकाचा गट फक्त ३ चा, तीन अंकांचा फक्त ३७ चा. आणि या दोघांनी ३३३६६७ ला भाग जात नाही. उरला नऊ अंकी गट. तेव्हा त्या मूळ संख्येतून एक वजा केला तर ९ ने भाग जायला हवा. ती विषम असल्यामुळे २ नेही जायला हवा, म्हणजे १८ ने. १८ च्या पटीहून एकने मोठ्या असलेल्या, ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या फक्त सतरा आहेत: १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१ आणि ५७७. यांपैकी एकीनेही भाग जात नाही. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. सतरा मुलांना एकेक भागाकार वाटून दिला तर एका तासिकेत सिद्धता पुरी होते.

आता मूळ संख्येचे अवयव लिहिता येतील. त्यांत ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतात. विभाजक तयार करताना ३ शून्य ते चार वेळा, म्हणजे पाच प्रकारे घेता येतो. ३७ आणि ३३३६६७ प्रत्येकी तीन प्रकारे. एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. ही विषम संख्या आहे, आणि ते साहजिकच आहे. विभाजकांच्या जोड्या लागतात. एकाने भागले की दुसरा मिळतो. अशा बावीस जोड्या लागतात आणि १११११११११ हा एकटा उरतो, कारण त्याची जोडी त्याच्याशीच लागते. विभाजकांची संख्या विषम असणे हे पूर्ण वर्गाचे हमखास लक्षण आहे.

गुण कोणाचा?

एवढी माहिती हाती आल्यावर सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. समजा, माणसाला दोन्ही हातांची मिळून आठच बोटे असती आणि आपण आठच्या पटीत मोजत असतो, म्हणजे अष्टमान पद्धत वापरत असतो. तर या संख्येचे कोणते गुण टिकले असते?

ती पूर्ण वर्ग राहिली असती. तेवढे खडे चौरसात मांडता आले असते. पहिल्या १११११११११ विषम संख्यांची, म्हणजे १ पासून २२२२२२२२१ पर्यंतच्या सर्व विषम संख्यांची बेरीज तेवढीच भरली असती. ती विषम राहिली असती. तिचे तीन मूळ अवयव आणि पंचेचाळीस विभाजक तसेच राहिले असते. हे संख्येचे स्वतःचे गुण. लिपी आणि मोजण्याची पद्धत बदलली तरी ते बदलत नाहीत.

चढत-उतरत जाणारे अंक, उलटसुलट सारखे वाचन आणि अंकांची बेरीज मात्र लेखनाचे गुण आहेत. अष्टमान पद्धतीत ही चढण सात एकांच्या वर्गापर्यंतच टिकते, कारण तेथे आठ हा अंकच नाही. आठला हातचा द्यावा लागतो. संगणकाच्या क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या षोडशमान पद्धतीत ती पंधरा एकांपर्यंत जाते. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ती सुरू होताच मोडते: तेथे ११ म्हणजे आपले तीन, आणि ११ × ११ = १००१, म्हणजे आपले नऊ.

हा फरक केवळ तात्त्विक नाही. संगणकातील पुष्कळ प्रोग्राम, विशेषतः हिशेबाचे तक्ते करणारे, संख्येचे ५३ द्विमान अंकच नेमके साठवतात. आपली संख्या द्विमान पद्धतीत लिहायला ५४ अंक लागतात आणि ती विषम असल्यामुळे शेवटचा अंक १ असतो. तोच गळतो. अशा तक्त्यात ही संख्या भरली की तिची शेवटची घरे बदलतात आणि उत्तर शून्यावर संपलेले दिसते. शून्यावर संपणारी संख्या सम असते. पण विषम संख्येचा वर्ग विषमच असतो. एवढ्या एका निरीक्षणावरून आठवीतला मुलगा किंवा मुलगी यंत्राचे उत्तर चूक ठरवू शकते. संख्येचे स्वतःचे गुण ओळखता आले की असा उपयोग होतो.

देवळालीचे गणितशिक्षक

अशा संख्यांचे आकर्षण फार जुने आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला. त्यात एकपासून सहापर्यंत चढणारी व मग उतरणारी १२३४५६५४३२१ ही संख्या आहे. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की ती मिळते. अशा दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या गुणाकारांना त्यांनी गळ्यातील हाराची उपमा दिली आहे.

आपल्या भागात या संख्यांचा सर्वांत चिकाटीने अभ्यास केला तो दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५ ते १९८६) यांनी. डहाणूला जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक होते. मधला भाग एकाच अंकाच्या पुनरावृत्तीचा आणि दोन्ही बाजूंच्या भागांची बेरीजही त्याच अंकाची, अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटले. त्यांचा विचार सुचला ते डेम्लो स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. १, १२१, १२३२१ पासून आपल्या संख्येपर्यंतचे वर्ग हे डेम्लो संख्यांचे खास नमुने होत. आपल्या अंकांच्या बेरजेने नेमका भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. ८१ ने भाग जाणारी आपली संख्या हर्षदही आहे.

व्यावसायिक गणितज्ञांना या विषयाचे फारसे कौतुक नव्हते. केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण दिले आहे. पहिली २१७८ च्या चौपट, दुसरी १०८९ च्या नऊपट. दोन्ही आपल्याच उलट्या रूपाच्या पटीत आहेत. अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतील, गणितज्ञाला त्यांत काही मिळत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. कापरेकर मात्र आपल्या वाटेने जात राहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ सर्वदूर माहीत झाला.

हार्डींचा आक्षेप निराधार नाही. अंकांची गंमत दाखवून सोडून दिली तर तिच्यातून पुढे काही निघत नाही. पण ‘का?’ विचारले की तीच गंमत स्थानिक किमतीपर्यंत, नऊच्या कसोटीपर्यंत, १/८१ पर्यंत आणि फर्माच्या प्रमेयापर्यंत घेऊन जाते, हे आपण आताच पाहिले. शाळेतल्या मुलांना मूळ संख्यांच्या खोल प्रमेयांपर्यंत एकदम नेता येत नाही. अंकांच्या ओळखीच्या वाटेने नेता येते.

वर्गासाठी काही प्रश्न

१. बारा एकांच्या संख्येचा वर्ग प्रत्यक्ष गुणाकार न करता, फक्त रकान्यांची मोजणी आणि हातचे यांच्या साहाय्याने लिहा. अंकांची बेरीज १४४ पेक्षा किती कमी येते? ती तूट ९ च्या पटीत आहे का?

२. ११ × १११ आणि १११ × ११११ यांची मांडणी करा. दोन्ही संख्या सारख्या नसतील तर शिखराचा आकार कसा बदलतो?

३. २२ × २२ = ४८४ यात हातचा नाही, पण २२२ × २२२ मध्ये तो येतो. न गुणता हे कसे ओळखाल? मधल्या रकान्यात किती जमा होतात ते मोजा.

४. पुढील विधानांपैकी कोणती संख्येविषयी आहेत आणि कोणती तिच्या लेखनाविषयी? ‘१२१ हा पूर्ण वर्ग आहे.’ ‘१२१ उलट वाचले तरी तेच राहते.’ ‘१२१ ला तीनच विभाजक आहेत.’ ‘१२१ च्या अंकांची बेरीज ४ आहे.’

चौथ्या प्रश्नावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. १२१ एवढे खडे घेऊन, त्यांचे आठ-आठचे गट करून, तीच संख्या अष्टमान पद्धतीत मुलांना लिहायला लावावी. ती १७१ अशी लिहिली जाते, कारण १२१ म्हणजे चौसष्ट, सात आठे छप्पन्न आणि एक. योगायोगाने तीही उलटसुलट सारखीच निघते. मग आठऐवजी सातचे गट करून पाहायला सांगावे.